तोर्ता, तार्ता, पास्तेल, बिथकोचो: फळ्यावर नक्की काय लिहू?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी,

स्पेनमध्ये बायादोलिदला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. घराखालीच एक छोटा कॅफे आहे. गेल्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस मी तिथे बेकिंग करते. काम मनासारखं आहे, मालकीणबाई मायाळू आहेत, ओव्हनही उत्तम. गाडं अडतं ते फळ्यापाशी. दाराबाहेरचा काळा फळा आणि काचेच्या कपाटातल्या छोट्या पाट्या मी लिहायच्या असं ठरलंय. 'जिनं केलं तिनंच नाव लिहावं' असं बाईंचं म्हणणं. मला ते फार आवडलं, आणि म्हणूनच नावं बरोबर यावीत असं मनापासून वाटतं.

पहिल्या दिवशी चॉकलेटचा तीन थरांचा, मध्ये क्रीम भरलेला केक केला. मोबाइलच्या ॲपवर स्पॅनिश शिकताना केकला 'तोर्ता' शब्द आला होता, तोच लिहिला: तोर्ता दे चोकोलाते. रोज सकाळी कॉफीला येणारे एक आजोबा आले. त्यांनी पाटी वाचली, कपाटात डोकावून बघितलं, पुन्हा पाटी वाचली आणि विचारलं, "तोर्ता कुठाय?" मी केककडे बोट दाखवलं. "एसो एस ऊना तार्ता, इखा," म्हणाले. ही तर तार्ता आहे, पोरी. त्यांना खरोखरची तोर्ता हवी होती, चपटी, बडीशेपेच्या वासाची. ती नव्हती म्हणून नुसती कॉफी पिऊन गेले. दिवसभर मला चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी 'पास्तेल' लिहिलं, कारण शब्दकोशात केकपुढे तोही शब्द आहे. बाई म्हणाल्या, हे वाचून लोक एकट्यानं खायचा छोटा नग शोधतील. मग लिंबाच्या लांबट केकला धीर करून 'तार्ता' लिहिलं, तर तेही चुकलं. तो म्हणे 'बिथकोचो'.

सगळ्यात मोठी चूक मात्र पाटीवर नाही, भांड्यात झाली. बाईंच्या वहीत बिथकोचोच्या कृतीत 'ऊन सोब्रे दे लेवादुरा' असं होतं, म्हणजे लेवादुराची एक पुडी. दुकानातल्या शीतकपाटात 'लेवादुरा' असं छापलेले २५ ग्रॅमचे मऊ ठोकळे दिसले. पुडीऐवजी हेच असणार असं समजून एक ठोकळा कुस्करून घातला. केक फुगलाच नाही. कापून बघितला तर आत घट्ट, चिकट, आणि वास ताज्या पावाचा. सहा अंडी गेली.

सध्या मी करते ते असं: चॉकलेटचा थरांचा केक, लिंबाचा लांबट केक, गाजराचा केक (वर चीजचं आयसिंग), मफिन, चॉकलेटचे तुकडे घातलेली बिस्किटं, सफरचंदाचा पाय, चॉकलेट भरलेली पापुद्र्याची पेस्ट्री आणि गव्हाच्या कोंड्यासकट पिठाचा पाव. यांना स्पेनमध्ये लोक खरोखर काय म्हणतात? शब्दकोश एकेका शब्दापुढे चार पर्याय देतो, पण कुठला कधी वापरायचा ते सांगत नाही.

---

पहाटपाळी

चैत्रपालवी, तुमचा ठोकळ्याचा प्रसंग वाचून पोटात तुटलं. मी नऊ वर्षं माद्रिदच्या एका ओब्रादोरमध्ये काम करते. ओब्रादोर म्हणजे दुकानामागची, मळण्या-भाजण्याची जागा. पाळी पहाटे ४ ला सुरू होते. जे शिकले ते तिथल्या टेबलावर शिकले, म्हणून तसंच सांगते.

आधी 'केक' हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. आपल्या तोंडी केक म्हणजे गोड, फुगलेलं, ओव्हनमधून आलेलं जवळजवळ सगळंच. स्पेनमध्ये त्या एका शब्दाची वाटणी झालेली आहे, आणि ती कशी झालीय हे मला एका सकाळी डोळ्यांसमोर दिसलं. आमच्या मुख्य बाईंनी पाच वाजता गोल साच्यातून अंडी-साखर-मैद्याचा साधा गोळा बाहेर काढला. तेव्हा तो 'बिथकोचो'. गार झाल्यावर लांब करवती सुरीनं त्याचे आडवे तीन काप केले, प्रत्येकावर साखरेचा पाक ब्रशनं लावला, मध्ये फेटलेलं क्रीम भरलं, वरून झाकला आणि सोनेरी पुठ्ठ्यावर ठेवला. त्या क्षणापासून सगळे त्याला 'ला तार्ता' म्हणायला लागले. कडेच्या उरलेल्या पट्ट्यांचे चौकोन कापले, त्यांवर क्रीमची एकेक फिरकी आणि चेरी लावून कागदी वाट्यांत ठेवले. ते 'पास्तेलेस'. एकच गोळा, एका तासात तीन शब्द. तेव्हापासून मला कुणाला विचारावं लागलं नाही.

म्हणजे तुमचा लिंबाचा लांबट केक साधा, न भरलेला, सुरीनं काप काढून कॉफीबरोबर खायचा, म्हणून 'बिथकोचो दे लिमोन'. चॉकलेटचा भरलेला, थरांचा, म्हणून 'तार्ता दे चोकोलाते'. गाजराचा मजेशीर आहे. नुसता भाजला तर 'बिथकोचो दे थानाओरिया', वर चीजचा थर दिलात की 'तार्ता दे थानाओरिया'. तुम्ही थर देता, तेव्हा तार्ता लिहा. (इथे 'थ' ऐकू येतो तो स्पेनच्या बहुतेक भागाचा उच्चार. अटलांटिकपलीकडे तोच शब्द 'बिस्कोचो' होतो आणि अर्थही पालटतो.)

सफरचंदाचा पायही तार्ताच: 'तार्ता दे मान्थाना'. खाली कणकेचं कवच, वर फळ, तरी तार्ता. आता तुम्ही विचाराल, कवचवाली आणि थरवाली एकाच नावाची कशी? माझ्या अनुभवात निकष असा की संपूर्ण, गोल, मध्यभागी ठेवून वाटून खायची गोष्ट असेल तर ती तार्ता. 'तार्ता दे सांतियागो' बघा. गालिसियाची, बदाम, अंडी आणि साखर, थर नाहीत, क्रीम नाही, वर पिठीसाखरेतून उमटवलेला सांतियागोचा क्रूस. घडण पाहिली तर बिथकोचोच्या जवळची. पण कुणीही तिला बिथकोचो म्हणणार नाही.

तोर्ताबद्दल आजोबा अगदी बरोबर होते. स्पेनमध्ये तोर्ता म्हणजे चपटी, गोल गोष्ट. सेव्हियाजवळच्या कास्तियेखा दे ला कुएस्ता गावच्या ऑलिव्ह तेलाच्या तोर्ता प्रसिद्ध आहेत, पातळ, कुरकुरीत, मेणकागदात गुंडाळलेल्या. एस्त्रेमादुरातलं 'तोर्ता देल कासार' तर मेंढीच्या दुधाचं चीज आहे, केवळ आकारामुळे तोर्ता. बोलताना तोर्ता म्हणजे थप्पडसुद्धा, आणि गंमत म्हणजे गायेता, म्हणजे बिस्किट, या शब्दाचाही अर्थ थप्पड.

मफिनला 'मागदालेना' लिहू का असं तुम्हाला वाटेल. नुसतं तेवढं लिहू नका. मागदालेना ही वेगळी गोष्ट आहे: तेलातली, लिंबाच्या सालीच्या वासाची, कागदी वाटीत, डोक्यावर उंचवटा आणि साखरेचे कण. स्पेनमधला माणूस ती दुधात बुडवून लहानाचा मोठा झालेला असतो. त्याला तिच्या नावाखाली ब्लूबेरीचं मफिन दिलंत तर तो हिरमुसतो. मफिनला इथे मफिनच म्हणतात. बिस्किटांना 'गायेतास कोन पेपीतास दे चोकोलाते'. पेपीता म्हणजे फळातली बी, चॉकलेटच्या तुकड्यांना स्पेनमध्ये तोच शब्द. 'पास्तास' मात्र लिहू नका. 'पास्तास दे ते' म्हणजे चहाबरोबरची लोणीदार, साच्यातून पिळलेली छोटी बिस्किटं, आणि तुमची तशी नाहीत.

चॉकलेट भरलेली पापुद्र्याची आयताकृती पेस्ट्री म्हणजे 'नापोलिताना दे चोकोलाते'. ती, क्रुआसान, काराकोला (गोगलगायीसारखी वळलेली पेस्ट्री), हे सगळं मिळून 'बोयेरिया'. फळ्यावर तो एक मथळा करून त्याखाली ही नावं लिहिलीत तर गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

क्रीमबाबत सावध राहा. तुम्ही 'रेयेना दे क्रेमा', म्हणजे क्रीम भरलेली, असं लिहिलंत तर लोकांना अंड्याचं पिवळं कस्टर्ड अपेक्षित असतं. फेटलेल्या पांढऱ्या क्रीमला स्पेनमध्ये 'नाता'.

आता लेवादुरा. इथे हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. यीस्ट म्हणजे लेवादुरा, आणि घरगुती वह्यांत बेकिंग पावडर म्हणजेही लेवादुरा. तुम्ही शीतकपाटातून आणलात तो 'लेवादुरा फ्रेस्का', पावाचा. बिथकोचोला हवी ती कोरडी पुडी, तिच्यावर 'लेवादुरा किमिका' किंवा 'इम्पुल्सोर' असं लिहिलेलं असतं. पुष्कळ आज्या तिला ब्रँडच्या नावानं 'रोयाल' म्हणतात. वहीत 'सोब्रे' म्हणजे पुडी असं असेल, पदार्थ बिथकोचो असेल आणि पीठ फुगायला ठेवायचा वेळ दिलेला नसेल, तर बेकिंग पावडरच. ही तीन चिन्हं बघितलीत की चूक होणार नाही.

पावाचं सांगते, कारण तिथे निव्वळ भाषेचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. २०१९ चा ३०८ क्रमांकाचा राजाध्यादेश त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाला. 'पान इन्तेग्राल' असं नुसतं लिहायचं तर पीठ १०० टक्के कोंड्यासकट हवं. मैदा मिसळत असाल तर 'एलाबोरादो कोन आरिना इन्तेग्राल' (कोंड्यासकट पीठ वापरून केलेला) आणि पुढे टक्केवारी. तुम्ही किती मैदा घालता ते बाईंना विचारून मगच खडू उचला. पाट्यांवर ॲलर्जीचे घटकही सांगावे लागतात. ग्राहक बोलताना सुक्यामेव्याला 'फ्रुतोस सेकोस' म्हणतो, पण नियमातला शब्द 'फ्रुतोस दे कास्कारा'. बदाम, अक्रोड, हेझलनट त्यात येतात, शेंगदाणा वेगळा लिहायचा.

---

शब्दवेडा

एवढं बारीक बघायची गरज आहे का? मी स्पॅनिशमधून सॉफ्टवेअरच्या मजकुराचं भाषांतर करतो. आमच्याकडे 'पास्तेल' हा सर्वत्र समजणारा शब्द मानतात. समजलं की झालं. चैत्रपालवींनीही सगळीकडे पास्तेल लिहावं, गोंधळच नको.

---

आडवाटेकरी

शब्दवेडा, मी ग्वादालाहारात, म्हणजे मेक्सिकोत राहतो. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. वाढदिवसाचा केक म्हणजे पास्तेल, तीन दुधांचा केकही पास्तेल. मात्र हाच शब्द पोर्तो रिकोत नेलात तर नाताळात लोक पानात बांधून उकडलेला, हिरव्या केळ्यांच्या पिठाचा आणि आत मांस भरलेला तिखट-मिठाचा पदार्थ समोर ठेवतील. चिलेत 'पास्तेल दे चोक्लो' म्हणजे खिम्यावर वाटलेल्या मक्याचा थर देऊन भाजलेलं जेवण. समजणं आणि हवं ते मिळणं, यांत अंतर आहे.

आणि तोर्ता? इथे तोर्ता म्हणजे सँडविच. बोलियो किंवा तेलेरा या पावात भरलेलं. आमच्या शहराची 'तोर्ता आओगादा' म्हणजे बुडवलेली तोर्ता, बिरोते नावाच्या आंबूस, कडक सालीच्या पावात डुकराचं मांस भरून टोमॅटो-मिरचीच्या रश्श्यात बुडवतात. साधा पाव रश्श्यात विरघळतो, बिरोते टिकतो. मेक्सिको सिटीत पावात चक्क तमाल (मक्याच्या पिठाचा, पानात बांधून उकडलेला पदार्थ) घालून देतात, तिला 'ग्वाखोलोता' म्हणतात. मी इथे नवीन असताना सहकाऱ्याच्या वाढदिवसाला 'तोर्ता आणतो' म्हणालो. सगळे दुपारचं जेवण न आणता आले. त्या दिवसापासून मी शब्दांचा अंदाज बांधत नाही.

इथल्या गोड पावाला 'पान दुल्से'. दुकानात शिरल्यावर मोठी गोल थाळी, 'चारोला', आणि चिमटा घ्यायचा आणि स्वतः वेचायचं. नावं सगळी रूपावरून: कोंचा म्हणजे शिंपला, वरच्या साखरेच्या कवचावर शिंपल्याच्या रेघा, ओरेखा म्हणजे कान, तिलाच स्पेनमध्ये पाल्मेरा म्हणतात, क्रुआसानला कुएर्नितो, छोटं शिंग, गुळचट पिठाचा डुकराच्या आकाराचा मार्रानितो. गिऱ्हाईक पदार्थाचं नाव विसरलं तरी बोटानं आकार काढून सांगतं आणि दुकानदाराला कळतं. एक सूचना अगदी मनापासून: कोंचा हा शब्द अर्जेंटिना आणि चिलेत चारचौघांत उच्चारू नका, तिथे तो अश्लील आहे. क्यूबात 'बोयो', म्हणजे बनपाव, या शब्दाचंही तसंच.

बेकिंग पावडरला इथे 'पोल्वो पारा ओर्नेआर' असा स्वच्छ शब्द आहे. चैत्रपालवींची सहा अंडी मेक्सिकोत वाचली असती. आणि स्पेनची 'नाता' इथे फेटलेलं क्रीम नाही, तापवलेल्या दुधावरची साय.

---

दक्षिणवारा

ब्वेनोस आयरेसहून लिहितेय. तुमची ॲप बहुधा आमच्या बाजूची होती, कारण इथे थरांचा, भरलेला केक म्हणजेच तोर्ता. वाढदिवसाची तोर्ता, लग्नाची तोर्ता. आणि इथली 'तार्ता' म्हणजे कवचातली, बऱ्याचदा तिखटमिठाची: हॅम-चीजची, पालकाची. दुपारच्या जेवणाला हिरव्या पानांबरोबर एक काप. म्हणजे स्पेन आणि अर्जेंटिना यांनी दोन शब्दांची जवळजवळ अदलाबदल केलीय. लांबट साधा केक इथे 'बुदिन', केकचा नुसता फुगीर तळ 'बिस्कोचुएलो'. समोर नदीपलीकडे उरुग्वेमध्ये 'बिस्कोचोस' म्हणजे 'माते' या चहासारख्या पेयाबरोबर खायचे छोटे पापुद्र्याचे प्रकार. पहाटपाळी ताईंचा फुगीर गोळा तिथे कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'फाक्तुरास'. स्पेनमध्ये फाक्तुरा म्हणजे बिल, पावती. इथेही पावतीच, पण सकाळी बेकरीत 'मेदिया दोसेना दे फाक्तुरास' म्हटलं की सहा गोड पेस्ट्र्या कागदात बांधून मिळतात. त्यांची एकेक नावं ऐका: विखिलान्ते म्हणजे पहारेकरी पोलीस, लांबट, दंडुक्यासारखा, बोला दे फ्राइले, म्हणजे भिक्षूचा गोळा, साक्रामेन्तो, म्हणजे चर्चचा संस्कार, कान्योनसितो, छोटी तोफ, बोम्बा, म्हणजे बॉम्ब. १८८७ साली इथल्या बेकरी कामगारांची संघटना उभी राहिली. एर्रिको मालातेस्ता आणि एत्तोरे मात्तेई हे इटालियन अराजकवादी त्यात पुढे होते. पोलीस, चर्च आणि लष्कर यांना टोमणा म्हणून कामगारांनी ही नावं ठेवली, असं इथे प्रत्येक जण सांगतो. मी दर रविवारी विखिलान्ते मागते तेव्हा मला तो भट्टीसमोर रात्रभर उभा असलेला माणूस आठवतो.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द नीट समजून घ्या: मान्तेका. अर्जेंटिनात मान्तेका म्हणजे लोणी. 'मेदियालुना दे मान्तेका' म्हणजे लोण्यातली, गुबगुबीत, वर पाकाची चकाकी. तिची बहीण 'मेदियालुना दे ग्रासा' सडपातळ, खारट, आणि ती गाईच्या चरबीत करतात. स्पेन आणि मेक्सिकोत मात्र मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि लोणी म्हणजे 'मान्तेकिया'. माझ्या एका मैत्रिणीनं माझ्या इथल्या सवयीवर विसंबून स्पेनमध्ये नाताळचे मान्तेकादोस (भुसभुशीत छोट्या गोड वड्या) आनंदानं खाल्ले. तिला नंतर कळलं तेव्हा तिला जो त्रास झाला त्याचं ओझं मला अजून वाटतं. तेव्हा नाव ऐकून नका ठरवू, देश विचारा.

---

पहाटपाळी

दक्षिणवारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. स्पेनमधल्या आपल्या लोकांसाठी भर घालते: मान्तेकादो आणि त्याच जातीचे पोल्वोरोन पारंपरिक पद्धतीचे असतील तर त्यांत डुकराची चरबी असते. मायोर्काच्या एनसाइमादाचं, म्हणजे गोल वळलेल्या गोड पावाचं, नावच 'साइम' म्हणजे चरबी या शब्दावरून आलंय. याउलट आस्तोर्गाच्या 'मान्तेकादास', चौकोनी कागदी खोक्यातल्या, त्या लोण्याच्या. एका अक्षराचा फरक आणि ताटातला केवढा फरक! पाकिटामागचे घटक वाचणं हाच उपाय.

शब्दवेडा, तुमचं काम मला माहीत आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पडद्यावरच्या चित्राखाली पास्तेल चालत असेल. पण कॅफेतला फळा दहा पावलांवरून वाचला जातो. रस्त्यावरून जाणारा माणूस त्या एका शब्दावर आत येतो किंवा पुढे जातो. आजोबा चपट्या तोर्तेसाठी आत आले होते. स्पॅनिश भाषा वीस देशांत राजभाषा आहे, आणि केकला नुसते बोलीतले शब्द मोजले तरी चिले-पेरूमध्ये 'केके', कोलंबिया-व्हेनेझुएलात 'पोंके', क्यूबात इंग्रजीवरूनच आलेला 'केइ', दोमिनिकन रिपब्लिकमध्ये 'बिस्कोचो'. यांतला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी वाढदिवसाचा आहे. तो पुसून त्यावर एकच शब्द चढवावा असं मला वाटत नाही.

एकाच सणाच्या पावाचं उदाहरण देते. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, स्पेनमध्ये 'रोस्कोन दे रेयेस', मेक्सिकोत 'रोस्का दे रेयेस'. आमच्याकडे ज्याला आत वाल सापडेल त्यानं रोस्कोनचे पैसे द्यायचे, बाहुली सापडली तर तो राजा. मेक्सिकोत बाहुली सापडली तर २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल खाऊ घालायचे. आणि कोलंबियात रोस्कोन सणाचा नव्हेच, पेरू या फळाची वडी भरलेला रोजचा गोड पाव. त्या पेरूच्या वडीला ते 'बोकादियो' म्हणतात, आणि बोकादियो म्हणजे स्पेनमध्ये लांब पावाचं सँडविच!

---

शब्दवेडा

मान्य. वाल आणि बाहुलीचं मला माहीत नव्हतं. फळ्याच्या बाबतीत माझा मुद्दा मागे घेतो. आमच्या संघातही देशवार शब्दसूची करायला सांगणार आहे.

---

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हा धागा बाईंना वाचून, जमेल तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं. एक गोळा आणि तीन शब्द हे ऐकून त्या म्हणाल्या की त्यांनीही हे कधी शब्दांत मांडलं नव्हतं, नुसतं करत आल्या.

आज पहाटे पाट्या नव्यानं लिहिल्या. तार्ता दे चोकोलाते कोन नाता. बिथकोचो दे लिमोन. तार्ता दे थानाओरिया. तार्ता दे मान्थाना. मफिनला मफिन. नापोलितानास बोयेरियाच्या मथळ्याखाली. पावाचं पीठ मोजलं: कोंड्यासकटचं ७०० ग्रॅम आणि मैदा ३०० ग्रॅम. म्हणजे 'पान इन्तेग्राल' लिहिता येत नव्हतं आणि आम्ही इतके दिवस तेच लिहीत होतो. बाईंनी स्वतः पुसलं आणि '७० टक्के' असं लिहायला सांगितलं. बिथकोचोही इम्पुल्सोरची पुडी घालून पुन्हा केला. साच्याच्या काठावर दोन बोटं वर आला, मध्ये चीर पडली, बाईंनी सुरी खुपसून बघितली, कोरडी निघाली.

आता एकच. आजोबांसाठी शुक्रवारी खरोखरची तोर्ता करायची आहे. ऑलिव्ह तेल, बडीशेप, थोडे तीळ. पाटीवर 'तोर्तास दे कास्तियेखा' लिहू का?

---

पहाटपाळी

'तोर्तास दे आथेइते', म्हणजे तेलाच्या तोर्ता, एवढंच लिहा. 'कास्तियेखा दे ला कुएस्ता' जोडलेलं नाव युरोपीय संघात नोंदलेलं आहे, ते त्या ठरलेल्या कृतीनं केलेल्यांनाच लावायचं. बडीशेप तेलात मंद गरम करून घ्या आणि तेल पूर्ण गार झाल्यावरच पिठात घाला, नाहीतर यीस्ट मरेल. इथे मात्र तुमचा तो शीतकपाटातला ठोकळाच लागतो. आणि पाटीच्या कोपऱ्यात ग्लुतेनबरोबर 'सेसामो', म्हणजे तीळ, लिहायला विसरू नका.